मांडलेला डाव मोडतो कोण?

धंदा बुडाला की दुकानाला कुलूप लागते, हे समजायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, उधारी वसूल होईना, भाडे थकले, की एके दिवशी दुकानदार फळ्या लावतो आणि आपण हळहळतो. यात दुःख आहे. पण अन्याय आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. मात्र दुकान चालते आहे, मालाची वाहवा होते आहे, गावाने हारतुरे घालून सत्कार केला आहे, मालकाच्या तिजोरीत पैसा मावत नाही, आणि तरीही एका सकाळी नोकरांना दाराला कुलूप दिसते, असे झाले तर त्याला काय म्हणायचे? व्हिडिओ गेम तयार करण्याच्या जागतिक धंद्यात गेल्या काही वर्षांत हे वारंवार घडले आहे, आणि त्याविषयी मला जे वाटते ते या अंकात मांडायचे आहे.

विषय पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. अभ्यासाचे सोडून पोर खेळांवर लेख लिहिते, असे त्यांना वाटेल. पण आमच्याच वर्गातले दोघे पदवी हातात पडताच बेंगळूरला जाऊन गेमसाठी लागणारी चित्रे व आकृत्या काढण्याचे शिक्षण घेणार आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या वडिलांनी त्यासाठी कर्ज काढायचे ठरवले आहे. तेव्हा हा विषय करमणुकीचा राहिलेला नाही, पोटापाण्याचा झाला आहे.

पहिले उदाहरण टोकियोचे. शिंजी मिकामी या नामांकित जपानी रचनाकाराने २०१० साली तेथे टँगो गेमवर्क्स नावाचा स्टुडिओ काढला. त्याच वर्षी तो झेनीमॅक्स या अमेरिकन कंपनीने घेतला. पुढे २०२१ साली मायक्रोसॉफ्टने झेनीमॅक्सच ७५० कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हा टँगोही आपोआप मायक्रोसॉफ्टच्या दावणीला आला. २५ जानेवारी २०२३ रोजी या स्टुडिओने 'हाय-फाय रश' नावाचा गेम बाजारात आणला. घोषणा त्याच दिवशी आणि विक्रीही त्याच दिवशी. खेळ आहे तालाचा. नायक चालतो, उड्या मारतो, वार करतो ते सारे गाण्याच्या ठेक्यावर, आणि भोवतालची यंत्रे व शत्रूही त्याच ठेक्यात हलतात. गंमत अशी की या खेळातला खलनायक ही एक बडी कंपनी आहे, आणि नायकाला तिच्या उत्पादन, संशोधन, सुरक्षा, जाहिरात व वित्त या खात्यांच्या प्रमुखांशी एकामागून एक झुंजावे लागते. वित्तखात्याचा प्रमुख शेवटाशेवटाला येतो, हे ज्याने योजले त्याला धंद्याची नस कळलेली असणार.

खेळ लोकांना आवडला. ऑगस्ट २०२३ पर्यंत ३० लाख लोकांनी तो खेळला होता. मायक्रोसॉफ्टच्या विपणन विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने एप्रिल २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की कंपनीच्या सर्व महत्त्वाच्या मोजमापांत हा खेळ यशस्वी ठरला आहे. त्या वर्षअखेरीच्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात त्याला उत्कृष्ट ध्वनियोजनेचे पारितोषिक मिळाले. २०२४ साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने चलतचित्रणासाठी त्याचा गौरव केला. आणि ७ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स बंद करीत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या गेम स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांच्या सभेत सांगितले, की आपल्याला मानमरातब आणि पारितोषिके मिळवून देणारे छोटे खेळ हवे आहेत. हे वृत्त बाहेर आले तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांनी नेमके तेच करून दाखवले त्यांना आदल्या दिवशी घरी पाठवले होते.

मायक्रोसॉफ्टला पैशाची चणचण होती म्हणावे, तर तसेही नाही. जून २०२४ अखेरच्या वर्षात तिचा निव्वळ नफा सुमारे ८,८०० कोटी डॉलर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६,८७० कोटी डॉलरना खरेदी केली होती. जानेवारी २०२४ मध्ये शेअरबाजारात तिची किंमत तीन लाख कोटी डॉलरच्या वर गेली, आणि त्याच आठवड्यात गेम विभागातील १,९०० लोकांना नारळ देण्यात आला. कंपनीचे प्रमुख सत्या नडेला हे हैदराबादचे, आणि अभियांत्रिकी शिकले ते आपल्या कर्नाटकातल्या मणिपालला. त्यांच्या यशाच्या गोष्टी आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या भाषणांत हमखास येतात. या १,९०० जणांची गोष्ट मात्र मी कुठल्या भाषणात ऐकली नाही.

मग असे का होते? याचे उत्तर दुष्टपणात शोधण्यात अर्थ नाही. आम्ही वाणिज्य शाखेची मुले जो ताळेबंद घासून घासून शिकतो, त्यातच ते दडलेले आहे असे मला वाटते. एक कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा तिच्या हाती काय येते? इमारती, यंत्रे, रोकड; आणि त्याखेरीज खेळांची नावे, पात्रे, संगणकासाठी लिहिलेली संहिता, पेटंटे. त्याहून जास्त जी किंमत मोजली असेल ती गुडविल म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. खेळ ज्यांनी रचला ती माणसे मात्र या बाजूला कुठेच नसतात. ती असतात नफातोटा पत्रकात, खर्चाच्या बाजूला, पगार या मथळ्याखाली. आता वर्षअखेरीस वरून हुकूम आला की खर्च कमी करा. हिशेबनीस काय करील? मालमत्ता जपून ठेवील आणि खर्च कापील. 'हाय-फाय रश' हे नाव मालमत्ता, ते घडवणारे हात म्हणजे खर्च. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

त्यात भर पडली वर्गणीच्या पद्धतीची. मायक्रोसॉफ्ट ठरावीक मासिक वर्गणीवर शेकडो खेळ खेळू देते. आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखेच म्हणा ना. वाचनालयात आपण वर्गणी भरतो आणि महिन्याला चार पुस्तके नेतो. त्या वर्गणीतले किती रुपये कोणत्या कादंबरीने मिळवले, हे ग्रंथपाल सांगू शकेल काय? पुस्तक किती जणांनी नेले एवढे तो सांगेल. पण ते नसते तर किती सभासद गळाले असते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सुटा विकला जाणारा खेळ आपला गल्ला दाखवून स्वतःची बाजू मांडू शकतो. वर्गणीतला खेळ कितीही गाजला तरी त्याची कमाई सर्वांच्या कमाईत मिसळून जाते, आणि कपातीचा दिवस आला की त्याच्या बाजूने बोलायला आकडा उरत नाही.

टँगोबरोबर त्याच दिवशी आर्केन ऑस्टिन हा अमेरिकेतील स्टुडिओही बंद झाला, आणि त्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा 'रेडफॉल' हा २०२३चा खेळ खरोखरच पडला. पण हा स्टुडिओ ओळखला जाई तो एकट्याने, विचार करीत, आपली वाट आपण शोधत खेळण्याच्या खेळांसाठी. २०१७चा 'प्रे' त्याचाच. 'रेडफॉल' मात्र चौघांनी मिळून बंदुका झाडण्याचा. ब्लूमबर्गने २०२३ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार 'प्रे'वर काम केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक 'रेडफॉल' पुरा होईतो सोडून गेले होते. खयाल गाणाऱ्याला लावणीच्या फडावर उभे करायचे आणि रंग भरला नाही म्हणून त्याची बिदागी तोडायची, त्यातलाच हा प्रकार. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. स्टुडिओ बंद होणार हे जाहीर झाल्यानंतर, मे महिना संपता संपता, 'रेडफॉल'ची शेवटची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यामुळे तो खेळ इंटरनेटशिवाय एकट्याला खेळता येऊ लागला. नोकरी गेलेली असतानाही ज्यांनी हे काम हातावेगळे केले, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. उद्या कंपनीने यंत्रणा बंद केली तरी विकत घेणाऱ्याचा खेळ त्याच्याजवळ राहील, एवढी तजवीज ते करून गेले.

आता स्वीडनकडे वळू. कार्लस्टाड या गावी लार्स विंगेफोर्स नावाचा मुलगा तेराव्या वर्षी जुनी कॉमिक पुस्तके विकू लागला. पुढे त्याने उभारलेल्या एम्ब्रेसर ग्रुप या कंपनीने स्टुडिओ विकत घेण्याचा असा सपाटा लावला, की तिच्या पदरी १३० हून अधिक स्टुडिओ जमा झाले. पैसा स्वस्त होता, शेअर चढत होता, आणि चढलेल्या शेअरच्या जोरावर पुढची खरेदी होत होती. मे २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की सहा वर्षांत २०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा एक करार फिसकटला आहे. त्याबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये तोंडी वचन मिळाले होते म्हणे. तोंडी! आपल्या रविवार पेठेतला अडत्या शंभर पोती गूळ घेतानासुद्धा चिठ्ठी फाडतो. त्या एका दिवसात एम्ब्रेसरचा शेअर चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला आणि पुढच्याच महिन्यात पुनर्रचनेची घोषणा झाली. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतील व्होलिशन हा तीस वर्षांचा जुना स्टुडिओ तडकाफडकी बंद झाला. डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्री रॅडिकल डिझाइनचा क्रमांक लागला. व्होलिशनचा २०२२ सालचा 'सेंट्स रो' खेळाडूंना फारसा रुचला नव्हता हे खरे. पण करार फिसकटला नसता तर एवढ्यावरून तीस वर्षांचे घर मोडले असते काय? तोंडी वचनावर विसंबले संचालक, आणि नोकरी गेली चित्रे काढणाऱ्यांची व चुका शोधणाऱ्यांची.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. खेळ तयार करण्याचा खर्च अफाट वाढला आहे. मायक्रोसॉफ्टच्या खरेदीची चौकशी चालू असताना ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला बड्या प्रकाशकांनी सांगितले, की मोठ्या खेळाला आता २० कोटी डॉलर आणि त्याहून अधिक लागतात. २०२० आणि २०२१ मध्ये सारे जग घरात कोंडले होते, तेव्हा खेळांना उधाण आले. कंपन्यांनी वाटेल तेवढी भरती केली आणि लोक घराबाहेर पडताच ओहोटी लागली. अमेरिकेतील मध्यवर्ती बँकेचा व्याजदर मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्य होता, तो जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेला. उसन्या पैशावर बांधलेले मजले डळमळणारच. शिवाय काही खेळ खरोखरच फसतात. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. लोकांना पैसे परत केले गेले, आणि तो करणारा फायरवॉक स्टुडिओ ऑक्टोबरमध्ये बंद झाला. अशा वेळी मालकाने काय घरची भांडी विकून दुकान चालवायचे, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. प्रत्येक स्टुडिओ कायम उघडा राहिला पाहिजे असा माझा आग्रहही नाही.

माझी तक्रार निराळी आहे. स्टुडिओ बंद करताना माणसांना सोडून दिले जाते आणि त्यांचे काम मात्र ठेवून घेतले जाते. मोनोलिथ हा १९९४ साली स्थापन झालेला स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सने २००४ मध्ये घेतला. त्याच्या २०१४ सालच्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या खेळात एक अफलातून कल्पना होती. तुम्हाला हरवणारा एखादा किरकोळ शत्रू ते लक्षात ठेवतो, सरदारकी मिळवतो आणि पुढच्या भेटीत मागच्या भांडणाची आठवण करून देतो. 'नेमेसिस' या नावाने ही पद्धत गाजली, आणि वॉर्नरने तिचे पेटंट घेतले. ते २०२१ मध्ये मंजूर झाले आणि २०३६ पर्यंत चालणार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉर्नरने मोनोलिथ बंद केला. म्हणजे ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते आज दुसरीकडे नोकरीला असतील किंवा स्वतःचे काही काढतील. पण त्यांनी स्वतःचीच कल्पना वापरायची म्हटले तर वॉर्नरची परवानगी हवी. आणि वॉर्नर ती वापरणार कोणाकडून? खुंटाळ्याला टांगलेल्या नांगरासारखी ती पडून राहायची.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीची गोष्ट तर मला अधिकच बोलकी वाटते. लास व्हेगासचा वेस्टवुड स्टुडिओ तिने १९९८ मध्ये घेतला आणि २००३ मध्ये बंद केला. तेथून बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी त्याच वर्षी पेट्रोग्लिफ नावाचा नवा स्टुडिओ काढला. सतरा वर्षांनी, २०२० साली, वेस्टवुडच्या 'कमांड अँड कॉन्कर' या जुन्या खेळाची नवी आवृत्ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणली. ती कोणी करून दिली? याच पेट्रोग्लिफने, कंत्राटावर. ज्या शेताचे बांध आपण घातले, विहीर आपण खणली, त्याच शेतावर रोजंदारीने कामाला जावे तसे हे झाले. आवृत्ती उत्तम झाली हे सांगायला हवे, आणि ती उत्तम का झाली हेही उघड आहे.

हे भांडण नवे नाही. १९७९ साली अटारी कंपनीतले चार कारागीर, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड, बाहेर पडले. त्यांच्या खेळांवर कंपनी लाखो डॉलर कमावत होती, पण खोक्यावर त्यांचे नाव छापायला तयार नव्हती. त्यांनी काढलेली नवी कंपनी म्हणजे ॲक्टिव्हिजन. तिने खेळ करणाऱ्याचे नाव छापले, त्याचा फोटोही पुस्तिकेत दिला. आता काळाची थट्टा पाहा. याच कंपनीने मोठी झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये विक्रमी उत्पन्नाचे आकडे जाहीर केले आणि त्याच दिवशी सुमारे ८०० लोकांना काढले. पुढे ती मायक्रोसॉफ्टच्या पोटात गेली ते वर आलेच आहे. सासुरवास भोगलेली सून सासू झाली की काय करते, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आपल्याकडची गत काय, हे आता पाहू. बेंगळूरला १९९७ साली राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. गेमच्या क्षेत्रातली ती भारतातली अगदी पहिल्यांपैकी एक. परदेशी खेळांसाठी चित्रे, वाहने, इमारती तयार करून देण्यात तिने नाव मिळवले. डिसेंबर २०१६ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझ कंपनीने तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे ८५ लाख डॉलरना घेतला. पुढे स्टारब्रीझचा स्वतःचा एक मोठा खेळ २०१८ मध्ये आपटला, कंपनी न्यायालयाच्या आश्रयाला गेली, आणि देणी भागवण्यासाठी तिने मे २०१९ मध्ये ध्रुव ७९ लाख डॉलरना रॉकस्टार गेम्सला विकून टाकली. बेंगळूरच्या तीनशेहून अधिक लोकांच्या कामात खोट नव्हती. फसला तो स्टॉकहोमचा हिशेब. नशिबाने गिऱ्हाईक चांगले मिळाले. ते मिळाले नसते तर? पुण्याच्या युबिसॉफ्ट स्टुडिओला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा जुना खेळ नव्याने करण्याचे काम मिळाले, २०२० मध्ये ते थाटात जाहीरही झाले. पहिल्या झलकीवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेले. पुणे-मुंबईच्या मुलांच्या चार वर्षांच्या हातकामाचा निकाल पॅरिसच्या एका कचेरीत लागला.

बरे, कायद्याने काही आधार आहे काय? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली जी कलमे घातली गेली, त्यांनुसार मोठे आस्थापन बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागे. मर्यादा आधी ३०० कामगारांची होती, १९८२च्या दुरुस्तीने १०० झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती पुन्हा ३०० वर गेली. पण मुळात ही कलमे कारखाना, खाण आणि मळा यांच्यापुरती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीला ती लागू होतील. संगणकासमोर बसून राजवाड्याचे खांब रंगवणाऱ्याला नाहीत. अमेरिकेत झेनीमॅक्सच्या सुमारे ३०० परीक्षकांनी जानेवारी २०२३ मध्ये संघटना उभारली आणि २०२५ मध्ये कंपनीशी करार करून घेतला. आपल्याकडचे तरुण मात्र स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात. गळ्यात ओळखपत्राची फीत अडकली की आपण मालकाच्या पंक्तीला बसलो असे त्यांना वाटू लागते. हे मी रागाने लिहितो, कारण आमच्यातलेच पुष्कळजण उद्या तसे वागतील.

तर मग माझे म्हणणे काय? आपल्या दोन्ही भाषांत एक घोषणा पूर्वी घरोघर पोचली होती. मराठीत 'कसेल त्याची जमीन', कन्नडमध्ये 'उळुववने भूमिय ओडेय'. १९७४ पासून कर्नाटकात कूळकायद्याची जी अंमलबजावणी झाली, तिच्यामुळे या भागातल्या कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर किंवा उताऱ्यावर कुळांची नावे चढली. या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांची फी त्या जमिनीतून आलेली असेल. खेळाला जमिनीचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला कळते. पण कूळकायद्यातला एक विचार लागू पडतो: जो कसतो त्याला विकत घेण्याची संधी आधी मिळावी. कंपनीला स्टुडिओ नको असेल, तर बंद करण्याआधी काही महिने तिने तो, त्याच्या खेळांच्या हक्कांसह, तेथे काम करणाऱ्यांना वाजवी किमतीत देऊ केला पाहिजे. ते घेऊ शकले नाहीत तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला. कोणीच आले नाही तरच कुलूप. आणि जे पेटंट किंवा जो खेळ कंपनी स्वतः ठरावीक मुदतीत वापरणार नाही, तो वापरण्याची मोकळीक त्याच्या मूळ कर्त्यांना असावी.

हे स्वप्नरंजन नव्हे. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हला २०१७ मध्ये स्क्वेअर एनिक्स या जपानी मालकाने टाकून द्यायचे ठरवले. जूनमध्ये स्टुडिओच्या व्यवस्थापनानेच तो विकत घेतला, आणि मुख्य म्हणजे 'हिटमॅन' या खेळाचे हक्क त्यांना मिळाले. २०१८ आणि २०२१ मध्ये त्यांनी त्याचे पुढचे दोन भाग काढले. जेम्स बाँडवर खेळ करण्याचा परवानाही त्यांनी मिळवला. ॲक्टिव्हिजनकडचा टॉइज फॉर बॉब हा स्टुडिओ २०२४ मध्ये अशाच रीतीने स्वतंत्र झाला, तोही मायक्रोसॉफ्टच्या संमतीने. आणि टँगो? ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ व 'हाय-फाय रश'चे हक्क मिळवले आणि टँगोचे काम पुन्हा सुरू झाले. क्राफ्टन कोण, हे वसतिगृहातल्या मुलांना सांगायला नको. रात्री दोन वाजेपर्यंत ज्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'पायी रेक्टरसाहेबांशी खटके उडतात, तो खेळ याच कंपनीचा. मे ते ऑगस्ट या तीन महिन्यांत जे जमले, ते मेच्या आधीच्या तीन महिन्यांत का जमू नये? निदान प्रयत्न तरी करणे कायद्याने भाग पडावे, एवढेच मी मागतो.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो वजनदार आहे. स्टुडिओ विकायला कोणी जबरदस्ती केली नव्हती. संस्थापकांनी पैसे मोजून घेतले, मग आता गळा का काढायचा? गोष्ट खरी आहे. पण पैसे घेतले संस्थापकांनी आणि भागीदारांनी. पाच वर्षांनी नोकरीला लागलेल्या मुलीने ना विक्रीच्या कागदावर सही केली, ना त्यातला छदाम पाहिला. दुसरे कोणी म्हणेल, की असे निर्बंध घातले तर कंपन्या स्टुडिओ विकतच घेणार नाहीत. कमी घेतील, कदाचित. एम्ब्रेसरने १३० च्या ठिकाणी ३० घेतले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

मालकाला दुसऱ्या तऱ्हेनेही वागता येते. निन्टेन्डोचा यंत्रविक्रीचा धंदा मंदावला तेव्हा जानेवारी २०१४ मध्ये तिचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्म्यावर आणला आणि इतर संचालकांच्या पगारातही कपात झाली. नोकरी जाईल या धास्तीत काम करणाऱ्यांच्या हातून लोकांना भिडणारे खेळ घडणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी २०१३च्या भागधारकांच्या सभेत दिले होते. जपानच्या कायद्यात माणसे काढणे सोपे नाही, आणि निन्टेन्डोजवळ रोकडही भरपूर होती, म्हणून हे औदार्य तिला परवडले, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. रोकड मायक्रोसॉफ्टजवळही होती, एवढेच लक्षात आणून देईन.

बेंगळूरला निघालेल्या माझ्या मित्रांना मी परावृत्त करणार नाही. त्यांच्या हातात कला आहे आणि ती वापरायला जागा हवी. फक्त नेमणुकीचा कागद हाती आला की पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी त्यांनी पाहाव्यात: आपण केलेल्या कामावर आपले नाव येणार की नाही, नोटिशीची मुदत किती, आणि फावल्या वेळात घरी बसून काढलेल्या चित्रावरही कंपनी हक्क सांगते काय. शेवटचे कलम बारीक अक्षरात असते. वाणिज्य मंडळाने पुढच्या वर्षी उद्योजकांच्या व्याख्यानाऐवजी एकदा या धंद्यात नोकरी करणाऱ्या, आणि शक्य तर नोकरी गमावलेल्या, कोणाला तरी बोलवावे. कन्नड विभागातल्या मित्रांची बेंगळूरला आमच्यापेक्षा जास्त ओळख आहे. पाहुणा त्यांनी शोधावा, गाडीभाड्याची वर्गणी आम्ही गोळा करू.